चौतीस वेळा ‘दोषी’, तरी मतं हलली का नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘३० मे २०२४ ला न्यूयॉर्कच्या ज्युरीने डोनाल्ड ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवलं, आणि पाच महिन्यांनी तेच गृहस्थ अध्यक्ष म्हणून निवडून आले. मग या शिक्षेचं अमेरिकन लोकांना काहीच वाटलं नाही का? की वाटलं होतं, पण तुमच्या मतचाचण्यांना ते दिसलंच नाही?’

आधी एक दुरुस्ती करते, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर अवलंबून आहे. ३० मे रोजी शिक्षा झाली नव्हती, फक्त दोषसिद्धी झाली होती. शिक्षेची तारीख ११ जुलै होती. ती पुढे ढकलत ढकलत निवडणुकीच्याही पलीकडे गेली. म्हणजे मतदारांपुढे ‘दोषी’ हा शब्द होता, पण त्या शब्दाचा परिणाम काय, हे मतदानाच्या दिवसापर्यंत कुणालाच दिसलं नव्हतं.

मी मूळची सांगलीची. गेली एकवीस वर्षं न्यू जर्सीत जनमत चाचण्यांचं काम करते. सुरुवात कानाला हेडफोन लावून अनोळखी लोकांना प्रश्न विचारण्यापासून झाली. आता प्रश्नावल्या लिहिते आणि आलेल्या उत्तरांना भारांक लावते, म्हणजे कुठल्या गटाच्या उत्तराला किती वजन द्यायचं ते ठरवते. त्यामुळे ट्रम्प चांगले की वाईट यावर माझ्याकडून काही ऐकायला मिळणार नाही. लोक अशा बातमीवर कसे बोलतात, आणि बोललेलं किती खरं धरायचं, एवढंच मला सांगता येईल.

त्या गुरुवारी आमच्याकडे प्रश्नावलीच्या तीन आवृत्त्या तयार होत्या: दोषी, निर्दोष, आणि ज्युरीचं एकमत न झाल्यास. साडेचारच्या सुमारास न्यायाधीश हुआन मर्शान ज्युरीला त्या दिवसापुरतं घरी सोडणार अशी बातमी आली, म्हणून मी चहा टाकायला उठले. कप भरेपर्यंत ज्युरीची चिठ्ठी आली की निकाल ठरला आहे. पाच वाजून गेल्यावर ज्युरीच्या प्रमुखाने चौतीस वेळा ‘दोषी’ म्हटलं. पहिली आवृत्ती उघडली, तारीख टाकली, आणि त्याच संध्याकाळी फोन सुरू झाले.

खटला काय होता ते दोन ओळींत. २०१६ च्या निवडणुकीच्या तोंडावर ट्रम्प यांचे वकील मायकेल कोहेन यांनी, ट्रम्प यांच्याशी आपले संबंध आले होते असं सांगणाऱ्या पॉर्न अभिनेत्री स्टॉर्मी डॅनियल्स यांना गप्प राहण्यासाठी १ लाख ३० हजार डॉलर दिले. २०१७ मध्ये कोहेन यांना दरमहा ३५ हजार याप्रमाणे एकूण ४ लाख २० हजार डॉलर परत मिळाले, आणि कागदोपत्री ती वकिलीची फी दाखवली गेली. ११ बिलं, खतावणीतल्या १२ नोंदी आणि ११ चेक मिळून ३४ आरोप. ट्रम्प यांनी सगळे आरोप नाकारले आणि पुढेही लढा चालू ठेवला. आपल्याकडच्या जुन्या मुनीमजींना हा प्रकार अर्ध्या मिनिटात कळला असता. पण कायद्यात नुसती खोटी नोंद हा किरकोळ गुन्हा. दुसरा गुन्हा लपवण्याच्या हेतूने केली तरच ती गंभीर ठरते, आणि इथे तो दुसरा गुन्हा निवडणुकीच्या कायद्याशी जोडलेला होता. पलीकडच्या माणसाला हे समजावताना आमच्याकडे फोन करणाऱ्या मुलांची दमछाक व्हायची. ‘म्हणजे नक्की गुन्हा कशाचा?’ असं लोक आम्हालाच विचारायचे.

आता त्या संध्याकाळचा एक फोन. पेनसिल्वेनियाच्या पश्चिम भागातल्या एक बाई, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. नाव वगैरे काही सांगत नाही, सांगायचं नसतंच. निकाल बरोबर वाटतो का, असं विचारलं. म्हणाल्या, ‘वाटतो. केलंच असेल त्यानं.’ या निकालामुळे ट्रम्प यांना मत देण्याची शक्यता वाढली, कमी झाली, की फरक नाही? ‘कमी झाली.’ आज निवडणूक झाली तर मत कुणाला? ‘ट्रम्पला.’ फोनवरचा मुलगा नवा होता, त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्याने पुन्हा विचारलं. बाई जरा तडकल्याच. ‘कमी झाली म्हटलं मी. देणार नाही असं कुठं म्हटलं?’

ध्वनिमुद्रण मी दोनदा ऐकलं. बाईंचं काहीच चुकलेलं नव्हतं, चूक आमच्या प्रश्नात होती. ‘शक्यता कमी झाली का’ हा प्रश्न दिसतो मापाच्या पट्टीसारखा, पण त्याने मोजलं काहीच जात नाही. शंभर टक्के ठरलेलं मत पंचाण्णव टक्क्यांवर आलं, तरी उत्तर ‘कमी झाली’ असंच येणार. ज्याने ट्रम्प यांना जन्मात मत दिलेलं नाही आणि देणारही नाही, तोही ठासून ‘कमी झाली’ म्हणतो. शून्यातून आणखी काय कमी होणार, हे त्याला कुणी विचारत नाही. त्याला त्या प्रश्नातून फक्त राग काढायचा असतो. उलट बाजूचा कट्टर समर्थक तितक्याच जोरात ‘वाढली’ म्हणतो, आणि त्याचंही मत आधीपासून पक्कंच असतं.

हे डोक्यात ठेवून त्या आठवड्याचे जाहीर आकडे बघा. निकालाच्या आदल्या काही दिवसांत मॅरिस्ट या चाचणी संस्थेने नोंदणीकृत मतदारांना विचारलं होतं की, ट्रम्प दोषी ठरले तर? ६७ टक्के म्हणाले, काही फरक नाही. १७ टक्क्यांनी शक्यता कमी होईल म्हटलं, १५ टक्क्यांनी वाढेल म्हटलं. निकालानंतर लगेच रॉयटर्स-इप्सॉसच्या पाहणीत रिपब्लिकन मतदारांपैकी १० टक्क्यांनी शक्यता कमी झाल्याचं सांगितलं, ३५ टक्क्यांनी वाढल्याचं. कोणत्याही पक्षाशी स्वतःला न बांधणाऱ्या, म्हणजे इथल्या भाषेत इंडिपेंडंट मतदारांत २५ टक्के ‘कमी’ आणि १८ टक्के ‘वाढली’. वर्तमानपत्रांनी त्यातला सोयीचा आकडा उचलून मथळे केले. ‘प्रत्येक दहातला एक रिपब्लिकन दुरावला’ असंही छापून आलं. दुरावला नव्हता. तो आमच्या बस चालवणाऱ्या बाईंसारखा होता.

बरोबर की चूक, हा प्रश्न त्यापेक्षा स्वच्छ. एबीसी-इप्सॉसच्या पाहणीत ५० टक्के लोकांना निकाल योग्य वाटला, २७ टक्क्यांना अयोग्य, आणि २३ टक्क्यांनी माहीत नाही म्हटलं. ४९ टक्के म्हणाले, ट्रम्प यांनी शर्यतीतून बाहेर पडावं. आणि त्याच पाहणीत ४७ टक्क्यांना हे आरोप राजकीय हेतूने लावलेले वाटत होते. पण ‘निकाल योग्य’ म्हणणारे आणि ‘हेतू राजकीय’ म्हणणारे हे पूर्ण वेगळे लोक असतीलच असं नाही. माणूस दोन्ही गोष्टी एका वेळी मनात ठेवू शकतो: केलं असणार, पण दुसऱ्या कुणी केलं असतं तर कोर्टात ओढलं नसतं. फोनवर हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकलंय, आणि मला ते मूर्खपणाचं वाटत नाही. त्यात खटला चालला न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटनमध्ये. २०२० मध्ये तिथे ट्रम्प यांना १२ टक्क्यांच्या आसपास मतं पडली होती, आणि सरकारी वकील ॲल्विन ब्रॅग हे डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले. इथे जिल्ह्याचा सरकारी वकील निवडणूक लढवून येतो, ही गोष्ट आपल्या वाचकाला पचायला वेळ लागतो. समर्थकांना मात्र तेवढं पुरेसं होतं.

मग खरंच काही हललं का? इथे आमच्या धंद्यातली एक गोम सांगावी लागेल. मोठी बातमी आली की मतं हलण्याआधी फोन उचलणारे हलतात. ज्यांची बाजू वर असते ते उत्साहाने बोलतात, ज्यांची पडलेली असते ते ‘आत्ता नको’ म्हणून ठेवून देतात. २०१२ मध्ये ओबामा पहिल्या वादविवादात रिपब्लिकन उमेदवार रॉम्नींपुढे फिके पडले आणि चाचण्यांत त्यांची आघाडी धडाधड घसरली. पण एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर त्याच त्याच लोकांना रोज विचारणाऱ्या संशोधकांना दिसलं की मतं फार बदललेली नव्हती. निराश झालेले ओबामा समर्थक उत्तर द्यायलाच कमी येत होते. तेव्हापासून अशा बातमीनंतरच्या पहिल्या आठवड्यातला कोणताही चढउतार मी चिमटीत धरूनच बघते.

यावर उपाय एकच: आधी ज्यांच्याशी बोललात त्यांनाच पुन्हा फोन करायचा. न्यूयॉर्क टाइम्स आणि सिएना कॉलेजने तेच केलं. जवळजवळ २ हजार मतदारांना निकालानंतर पुन्हा विचारलं. तीच माणसं आधी ट्रम्प ४८, बायडन ४५ अशी होती. आता ट्रम्प ४७, बायडन ४६ झाली. तीनची आघाडी एकवर. हलणारे लोक कोण होते तेही त्यात दिसलं: तरुण, गौरेतर, राजकारणाकडे फारसं लक्ष नसलेले, एरवी डेमोक्रॅटिक बाजूला झुकणारे पण त्या वर्षी ट्रम्प यांच्याकडे सरकलेले. ज्यांचं मत नुकतंच इकडून तिकडे गेलं होतं, तेच थोडे परत फिरले. कट्टर मतदार जागचा हलला नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर हे: चाचण्यांना दिसलं होतं. एक-दोन टक्क्यांचं होतं, आणि तेवढंच होतं. आता एक-दोन टक्के म्हणजे काहीच नाही असं कृपा करून म्हणू नका. नोव्हेंबरात विस्कॉन्सिनमधला फरक एक टक्क्याहूनही कमी होता.

पण मला स्वतःला त्या सगळ्या आकड्यांत एक भलताच आकडा जास्त बोलका वाटला. यूगव्ह या चाचणी संस्थेने एप्रिलमध्ये विचारलं होतं, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला अध्यक्ष होऊ द्यावं का? ‘हो’ म्हणणारे रिपब्लिकन १७ टक्के होते. निकालानंतर, जूनमध्ये तोच प्रश्न. ‘हो’ म्हणणारे ५८ टक्के. प्रश्नात ट्रम्प यांचं नाव नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. म्हणजे माणूस तिथेच राहिला आणि तत्त्वच उठून त्याच्या शेजारी येऊन बसलं. लोकांनी ट्रम्पबद्दलचं मत बदललं नाही, पण त्या मतामागचं कारण बदलून घेतलं. एकवीस वर्षांत असा आकडा मी क्वचित पाहिला आहे.

हे फक्त एका पक्षाचं आहे असं समजू नका. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात दोन काका आहेत. एक काका तीस वर्षांपूर्वी आले तेव्हापासून ‘आपल्याकडे गुन्हेगारांना तिकिटं देतात, म्हणून देश मागे’ हे ऐकवत आलेत. जूनमधल्या पावभाजीच्या दिवशी तेच सांगत होते की हा खटला म्हणजे निव्वळ सूड आहे. समोरचे दुसरे काका पक्के डेमोक्रॅट. ‘कायद्यापुढे सगळे सारखे’ असं दिवसभर पालुपद. बायडन यांचा मुलगा हंटर ११ जूनला डेलावेअरमध्ये बंदुकीच्या प्रकरणात दोषी ठरला तेव्हा हे दुसरे काका म्हणाले, बघा, आमचा अध्यक्ष मुलालाही माफी देणार नाही म्हणतो. १ डिसेंबरला बायडन यांनी माफी दिली. त्यानंतरच्या जेवणाला मी मुद्दाम विषय काढला. काका भाताकडे बघत म्हणाले, ‘अगं, बापच तो शेवटी.’

आता मुळाकडे येते. निकाल कोर्टाच्या खोलीतून निघून थेट मतदाराच्या घरी जात नाही. वाटेत कुणीतरी तो उचलतो आणि आपल्या शब्दांत सांगतो. मतदार त्या सांगणाऱ्याकडे बघतो. खटला चालू असतानाच, १४ मे रोजी, प्रतिनिधीगृहाचे सभापती माइक जॉन्सन मॅनहॅटनच्या कोर्टाबाहेर येऊन बोलून गेले. रिपब्लिकन खासदार लाल टाय लावून हजेरी लावत होते. निकाल लागला तेव्हा ‘लबाडीचा खटला’ हे वाक्य पक्षात वरपासून खालपर्यंत एकाच सुरात आलं. ट्रम्प यांनी कोर्टाच्या दारातच सांगितलं की खरा निकाल ५ नोव्हेंबरला जनता देईल. बायडन यांनीही जवळपास तेच म्हटलं, की यांना ओव्हल ऑफिसबाहेर ठेवण्याचा मार्ग एकच, मतपेटी. दोघांनीही मतदाराला कोर्टाकडून उचलून आपल्याकडे आणलं.

वेगळा सूर लावणारा एक नेता होता. मेरीलँडचे माजी गव्हर्नर लॅरी होगन हे सिनेटसाठी रिपब्लिकन उमेदवार होते. निकाल लागायच्या थोडं आधी त्यांनी लिहिलं की निकाल काहीही लागो, त्याचा आदर करा. ट्रम्प यांच्या प्रचाराचे एक सूत्रधार क्रिस लासिव्हिटा यांनी लगेच उत्तर दिलं: तुम्ही तुमचा प्रचार आत्ताच संपवलात. मेरीलँड हे डेमोक्रॅटिक राज्य, होगन तसेही हरलेच असते कदाचित. पण इतर रिपब्लिकन उमेदवारांनी ती ओळ वाचली आणि काय बोलायचं नाही ते त्यांना कळलं.

आता याच्या शेजारी आमच्या राज्याची गोष्ट ठेवा. न्यू जर्सीचे सिनेटर बॉब मेनेंडेझ, डेमोक्रॅट. २०१७ मध्ये त्यांच्यावर भ्रष्टाचाराचा खटला चालला, ज्युरीचं एकमत झालं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये सिनेटच्या नीतिमत्ता समितीने त्यांना कडक शब्दांत समज दिली. पण पक्ष त्यांच्या मागे उभा राहिला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ते दहा टक्क्यांहून जास्त फरकाने निवडून आले. मग २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दुसरं आरोपपत्र आलं. त्यांच्या घराच्या झडतीत ४ लाख ८० हजार डॉलरहून जास्त रोकड निघाली होती, त्यातली बरीच पाकिटांत भरून कपड्यांत आणि कपाटांत दडवलेली, आणि सोन्याच्या लगडी. या वेळी गव्हर्नर फिल मर्फींनी त्याच दिवशी राजीनामा मागितला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पक्षाचे अँडी किम त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. खटल्याला अजून आठ महिने होते, दोष सिद्ध झाला नव्हता, तरी गडी संपला होता. १६ जुलै २०२४ रोजी सगळ्या १६ आरोपांत दोषी ठरले तेव्हा तर आमच्या सुपरमार्केटात कुणी मान वर करून टीव्ही पाहिला नाही. अपक्ष लढायचा अर्ज भरला होता, तोही मागे घेतला. राजीनामा दिला. किम नोव्हेंबरात सिनेटवर निवडून आले.

एकच माणूस, एकच राज्य, तोच मतदार. २०१८ मध्ये निवडून आला, २०२४ मध्ये कुणी ओळख दाखवेना. मधल्या काळात न्यू जर्सीचे लोक अचानक नीतिमान झाले का? तर नाही. फरक दोन होते. सोन्याची लगड डोळ्यांपुढे उभी राहते, खतावणीतली नोंद राहत नाही. आणि दुसरा फरक मोठा: पक्षातल्या माणसांनी हात काढून घेतला होता, आणि पर्यायी उमेदवार दारात तयार होता. मेनेंडेझ यांच्याकडे पक्षाशिवाय स्वतःचं असं काही नव्हतं. ट्रम्प यांच्या बाबतीत गणित उलटं होतं. पक्षाकडेच त्यांच्याशिवाय काही उरलं नव्हतं.

ही उलटापालट एका दिवसात झालेली नाही. मार्च २०२३ मध्ये ब्रॅग यांनी आरोपपत्र ठेवलं तेव्हा पक्षांतर्गत शर्यतीत फ्लोरिडाचे तेव्हाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस जोरात होते. आरोपपत्रानंतर ट्रम्प यांची आघाडी वाढत गेली. ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका खटल्यात जॉर्जियातल्या फुल्टन काउंटीच्या तुरुंगात काढलेला त्यांचा फोटो टी-शर्टांवर आणि कपांवर छापून विकला गेला. १५ जानेवारी २०२४ ला आयोवात मतदान केंद्रात शिरणाऱ्या रिपब्लिकनांना विचारलं, दोषी ठरले तर ट्रम्प अध्यक्षपदाला लायक राहतील का? ६५ टक्के ‘हो’. मेमध्ये निकाल लागायच्या साडेचार महिने आधी उत्तर मिळालेलं होतं. त्याशिवाय लेखिका ई. जीन कॅरोल यांच्या लैंगिक अत्याचार आणि बदनामीच्या दोन दिवाणी दाव्यांत आधी ५० लाख आणि मग ८ कोटी ३३ लाख डॉलरची भरपाई ट्रम्प यांच्यावर बसली होती. व्यापारी भाषेत सांगायचं तर बाजाराने ही बातमी आधीच भावात धरलेली होती.

पैशाचं सांगायचं राहिलं. निकालानंतर काही तासांत रिपब्लिकन देणग्यांची वेबसाइट बंद पडली इतकी गर्दी झाली. प्रचार यंत्रणेने पहिल्या २४ तासांत ५ कोटी २८ लाख डॉलर ऑनलाइन आल्याचं जाहीर केलं. हा त्यांचाच सांगितलेला आकडा. तरी लोकांनी खिशात हात घातला यात शंका नाही. समर्थकांच्या प्रोफाइलवर उलटा अमेरिकन झेंडा फिरू लागला, संकटात सापडल्याची जुनी खलाशी खूण. देणगी ही मतापेक्षा वेगळी वस्तू असते. मत एकच देता येतं, राग मात्र वीस-वीस डॉलरने महिनाभर देता येतो. मथळे वाचणाऱ्याला वाटतं लाट आली. आम्हाला फक्त एवढं दिसतं की जे आधीच आत होते त्यांनी दार लावून घेतलं.

कायद्यानेच त्यांना का अडवलं नाही, असं भारतातले नातेवाईक हमखास विचारतात. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ मुळे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की सदस्यत्व जातं आणि शिक्षा भोगून झाल्यावरही सहा वर्षं लढता येत नाही. तिथे मतदाराला हा प्रश्न सोडवावाच लागत नाही, कोर्ट सोडवतं. (मग उमेदवारी घरातच बायकोला किंवा मुलाला मिळते, ती गोष्ट वेगळी.) अमेरिकन राज्यघटनेत अध्यक्षपदासाठी जन्माने नागरिक, ३५ वर्षं वय आणि १४ वर्षं वास्तव्य एवढ्याच अटी आहेत. समाजवादी नेते युजीन डेब्स तर १९२० मध्ये अटलांटाच्या तुरुंगातून लढले. युद्धाविरुद्ध भाषण केल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा होती. कैदी क्रमांक ९६५३ असा बिल्ला छापून समाजवाद्यांनी प्रचार केला आणि नऊ लाखांहून जास्त मतं घेतली. तेव्हाही ज्यांनी त्यांना मत दिलं त्यांना तो बिल्ला लाजेचा वाटला नाही.

निकालानंतर जे झालं ते बहुतेकांना आठवत असेल. बरोबर चार आठवड्यांनी, २७ जूनला, वादविवादात बायडन अडखळले आणि सगळा देश एका म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याबद्दल बोलू लागला. १ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांच्या अधिकृत कृत्यांना खटल्यांपासून मोठं संरक्षण दिलं, त्यावरून न्यूयॉर्कची शिक्षा लांबली. १३ जुलैला पेनसिल्वेनियातल्या बटलरच्या सभेत ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली. २१ जुलैला बायडन शर्यतीतून बाहेर. कमला हॅरिस यांनी सुरुवातीला ‘मी सरकारी वकील होते, अशा माणसांना ओळखते’ हा सूर लावला, टाळ्याही मिळाल्या, पण त्याने भाडं कमी होत नाही आणि किराणा स्वस्त होत नाही. उन्हाळा संपता संपता आमच्या यादीत तो प्रश्न खाली खाली गेला. ऑक्टोबरमध्ये मोकळ्या प्रश्नाला, म्हणजे ‘तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची चिंता वाटते’ याला, उत्तर म्हणून मॅनहॅटनचा खटला सांगणारा माणूस माझ्या ऐकण्यात आला नाही.

शेवटी शिक्षा झाली १० जानेवारी २०२५ ला. ट्रम्प फ्लोरिडाहून व्हिडिओवर हजर होते. न्यायाधीश मर्शान यांनी दोषसिद्धी कायम ठेवून विनाअट सुटका दिली: तुरुंग नाही, दंड नाही, देखरेख नाही. दहा दिवसांनी शपथविधी. त्या आठवड्याच्या प्रश्नावलीत मी यावर एक प्रश्न टाकला होता. सोमवारच्या मसुद्यात तो सातवा होता. मंगळवारी लॉस एंजेलिसला आगी लागल्या, बुधवारी आगीवरचे चार प्रश्न आले, आणि बारा मिनिटांच्या फोनमध्ये जागा करायची म्हणून मी स्वतःच तो काढून टाकला.